दुसरा दौर, १७५०: सगळ्यांना पेशवेच हवेत, मग निजाम कोण होणार?

फडणीस (धागाकर्ता आणि मोड, म्हणजे खेळ चालवणारा)

मंडळी, आपल्या धाग्यावरच्या, पत्रं लिहून खेळायच्या इतिहास-खेळाच्या दुसऱ्या दौराची जुळवाजुळव सुरू केली आहे. सुरुवातीची तारीख मागच्या धाग्यात बहुमताने ठरली: जानेवारी १७५०. शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ ला गेलेत. साताऱ्यात ताराबाई, पुण्यात नानासाहेब. निजाम-उल-मुल्क १७४८ मध्येच वारला आणि त्याच्या वारसांत झुंपली आहे. अब्दालीची पंजाबात ये-जा चालू आहे. खाली कर्नाटकात फ्रेंच आणि इंग्रज आपापला नवाब पुढे करतायत. पहिल्या टर्नला कोणाचंच काही पक्कं नाही, म्हणून ही तारीख मला फार आवडली आहे.

अडचण वेगळीच. पसंती मागवली तर निम्म्याहून जास्त जणांनी पहिल्या रकान्यात 'पेशवे' लिहिलं. दुसऱ्यात शिंदे नाहीतर होळकर. निजामापुढे एकही नाव नाही. अवध, म्हैसूर, बंगाल, त्रावणकोर कोरे. जंजिऱ्यापुढे एकाने 'कोणीच नाही मिळालं तर' असं लिहिलंय. अब्दालीकडे तर कोणी ढुंकून पाहिलेलं नाही.

पहिला दौर कसा मेला ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. मराठ्यांकडे गर्दी, बाकी सगळा नकाशा मोडच्या हातात. मोडने चालवलेलं राज्य चिडत नाही, कट करत नाही, रात्री बाराला कोणाला व्यनि (खासगी निरोप) टाकून फोडत नाही. ते फक्त हरतं. थोड्याच टर्नमध्ये भगवा काबूलपर्यंत गेला आणि त्यानंतर कोणाकडे करण्यासारखं काही उरलंच नाही.

तेव्हा प्रश्न दोन. खेळाडू नकाशावर पसरायचे कसे? आणि पसरल्यावर ती राज्यं एकमेकांपेक्षा वेगळी वाटणार कशी? नाहीतर झेंडा बदललेले पेशवेच सगळीकडे दिसतील. माझा कल कोट्याकडे आहे: एका गटात एकूण खेळाडूंच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. बोला.

बाराबंदी

कोट्याला सपशेल विरोध. दिवसभर ऑफिसात दुसऱ्याच्या मनासारखं वागतोच, रात्री खेळायला बसल्यावर तरी आपल्या मनासारखं करू द्या. मला पेशवाईत रस आहे, त्यावर वाचलंय, पत्रं लिहायला मजा येते. मी त्रावणकोर घेऊन काय करू? नारळ मोजू?

सावजी_नागपूर

बाराबंदी भाऊ, त्या नारळवाल्यांनी १७४१ ले कोलाचलच्या लढाईत डचांना पाडलं. मार्तंड वर्माने डिलॅनॉय नावाचा त्यांचा कप्तान पकडला अन् त्यालेच आपली फौज शिकवाले ठेवलं. मिरीचा व्यापार राज्याच्या मुठीत. पेशव्यांना कर्ज काढून मोहिमा कराव्या लागत होत्या, हा गडी रोख पैशावर बसून होता. हलकं घ्या. पण घ्या.

शिलेदार_न्यूजर्सी

माझे दोन पैसे. डिप्लोमसी हा पटावरचा खेळ १९५९ पासून विकला जातोय आणि त्यात हाच प्रश्न जवळपास सुटलेला आहे. सात सत्ता, सात माणसं, आणि कोणाला काय ते चिठ्ठी टाकून. ऑस्ट्रिया-हंगेरी कोणाला आवडत नाही, पण वाट्याला आली की खेळतात, कारण पट असा बांधलाय की चहूकडून शेजारी अंगावर येतात. पटावर एकूण ३४ केंद्रं. त्यातली २२ आधीच कोणाची तरी, फक्त १२ रिकामी. ही रिकामी केंद्रं पहिल्या एक-दोन वर्षांत संपतात. त्यानंतर पुढे जायचं तर जिवंत माणसाशी बोलावंच लागतं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. रिकामी जागा प्रचंड, त्यामुळे बोलायची गरजच नाही. माझं म्हणणं, आधी नकाशा लहान करा. खेळाडू नसतील तर आसाम आणि सिंध यंदा नकाशावरच नकोत. आसामचे अहोम राजे मला स्वतःला फार आवडतात, पण त्यांच्याशेजारी कोणी नसेल तर बिचारा खेळाडू वर्षभर स्वतःशीच पत्रव्यवहार करणार.

चिठ्ठी नको वाटत असेल तर प्रत्येकाने पाच पसंत्या द्याव्यात, त्यातल्या किमान दोन मराठा गटाबाहेरच्या. मोडने त्यातून जुळवावं.

मोडीवाचक

फडणीस, तुम्हाला रोग दिसलाय, पण औषध मला पटत नाही. कोट्याने माणूस निजामाच्या गादीवर बसेल. खेळेलच असं नाही. दोन टर्न टाकेल आणि गायब होईल, हे आपण पाहिलेलं आहे.

लोक पेशवे मागतात ते नुसत्या अभिमानापोटी नाही. आपल्या नियमांत मराठ्यांना करता येतं आणि बाकीच्यांना सोसता येतं, एवढाच फरक ठेवलाय. मुलूख जिंकला की सगळा महसूल आपला, हा पहिल्या दौरातला एकमेव आर्थिक नियम. अठराव्या शतकातलं मराठ्यांचं राजकारण असं चालत नव्हतं. १७१९ ला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले. त्यात स्वराज्य होतं, आणि दख्खनच्या सहा सुभ्यांतली चौथाई-सरदेशमुखी होती. चौथाई म्हणजे दुसऱ्याच्या वसुलीतला चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे वर दहा टक्के. वसूल करणारा दुसरा कोणीतरी जागेवर असेल तरच तुमचा हिस्सा.

हे जसंच्या तसं नियमात उतरवा. निजामाचा मुलूख खालसा केला की त्याची चौथाई बंद. त्या जागी किल्ल्यांवरची शिबंदी, वसुलीचे कमाविसदार, बंडं, दुष्काळातली सूट, सगळं तुमच्या डोक्यावर, आणि वसूल हाती यायला तीन-चार टर्न. शिवाय ज्या राज्याला जिवंत खेळाडू आहे त्याची चौथाई पूर्ण, मोडच्या राज्याची निम्मी. मग बघा, निजामासाठी खेळाडू शोधत पेशवेच दारोदार फिरतील. कोट्याची गरज राहणार नाही.

दुसरं म्हणजे निजाम कोणीतरी लांबचा, परका असं धरून सगळे बोलतायत. १७५० मध्ये त्याची राजधानी औरंगाबाद आहे. गादी हैदराबादला गेली ती १७६३ ला. त्याच्या पदरी चंद्रसेन जाधवांचं घराणं, राव रंभा निंबाळकरांचं घराणं. धनाजी जाधवांचा मुलगा निजामाकडे का गेला? बाळाजी विश्वनाथाशी बिनसलं म्हणून. इतकं घरचं भांडण आहे हे. संभाजीनगर-जालन्याच्या मंडळींना खरं तर हीच गादी जवळची. आणि खेळ म्हणून पाहिलं तर निजामाचा मुलगा नासिरजंग गादीवर, पुतण्या की भाचा म्हणावं असा मुजफ्फरजंग फ्रेंचांच्या मदतीने उठलेला, फ्रेंच सरदार बुसी मागे उभा. एका माणसाला हे झेपणार नाही. दोघांना द्या, एक नासिरजंग आणि एक मुजफ्फरजंग.

रात्रपाळी

काका, मुजफ्फरजंग मुलीचा मुलगा, म्हणजे नासिरजंगाचा भाचा. बाकी सगळ्याला +१.

आंबोळी

+१ काका. चौथाईचा नियम लिहून काढा कोणीतरी, मोडला वेळ नसतो.

रात्रपाळी

बक्षीस देऊन लोकांना कमी गर्दीच्या बाजूला ओढायचं हे मोठ्या कंपन्यांनीही करून पाहिलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात होर्ड आणि अलायन्स अशा दोन बाजू. बऱ्याच सर्व्हरवर होर्डकडे माणसं कमी पडायची. तिथल्या जाती म्हणजे ऑर्क, ट्रोल, मेलेल्यांतून उठलेले, बैलमुखे. २००७ च्या विस्तारात होर्डला ब्लड एल्फ दिले, उंच, गोरे, देखणे. लोक लोटले. प्रश्न सुटला म्हणायचं तर सुटला, पण कसा? ज्याला ऑर्क आवडत नव्हता तो ऑर्क झालाच नाही. त्याने पलीकडच्या बाजूला जाऊनही आपल्याच चवीचं काहीतरी घेतलं.

आपल्याकडे याचं रूप असं होईल: निजामाला जास्त पैसा, जास्त तोफा दिल्या की कोणीतरी बलाढ्य म्हणून तो घेईल आणि पेशव्यांसारखाच खेळेल. सारख्याच मोहिमा, सारखीच पत्रं, नावापुढे फक्त 'जंग'. म्हणून बक्षीस द्यायचं तर दुसऱ्या कोणालाच करता येणार नाही अशी एखादी गोष्ट द्या. निजाम बादशहाच्या नावाने सनद देऊ शकतो, पेशवा नाही. बंगालात मुर्शिदाबादला जगतशेठ हा सावकार आहे, त्याच्या हुंडीवर फौज उभी राहते. जंजिऱ्याच्या सिद्द्याकडे असा किल्ला आहे जो मराठ्यांनी अनेकदा प्रयत्न करूनही घेतला नाही. हे नियमात आलं की खेळण्याची पद्धतच बदलते, मग पत्रंही आपोआप वेगळी होतात.

बाराबंदी

सिद्द्याला अजिंक्य किल्ला, निजामाला सनदा, बंगालला सावकार. पेशव्यांना काय, शनिवारवाड्याचं कारंजं?

रात्रपाळी

तुम्हाला कर्ज. आणि त्यावर चालणारी पन्नास हजारांची फौज. कमी आहे का?

हावडाकरीण

बंगाल मी घेते. माझं सासर इकडचं, राहते हावड्यात, म्हणून नकाशाच्या या बाजूने थोडं लिहिते.

१७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात येत राहिल्या, जवळपास दहा वर्षं. आपल्याकडे शाळेत यावर एखादी ओळ असेल नसेल. इथे अजून बाळाला झोपवण्याच्या गाण्यात बर्गी, म्हणजे मराठा घोडेस्वार, येतात. कोलकात्यात तेव्हा मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला घेतला, तो पुरा झालाच नाही. बागबाजारात त्या नावाची गल्ली आजही आहे, मी तिथून जाते तेव्हा दरवेळी पाटी वाचते. १७४४ ला बंगालच्या नवाबाने, अलीवर्दीखानाने, भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकरांना मानकरा या गावी तहाच्या बोलणीसाठी बोलावलं आणि तंबूतच मारलं. इथली माणसं हे सांगताना 'दगा' म्हणत नाहीत, 'सुटका' म्हणतात. शेवटी १७५१ ला तह झाला. ओरिसा भोसल्यांकडे गेला, आणि बंगाल-बिहारची चौथाई म्हणून वर्षाला १२ लाख.

जानेवारी १७५० म्हणजे तहाच्या आधीचं वर्ष. अलीवर्दी म्हातारा आहे, दमलेला आहे, नातू सिराज उतावळा. नदीच्या खाली तीन टोपीकर कंपन्या, चंदननगर, चुंचुडा, कोलकाता. हा खेळ पेशव्यांपेक्षा कणभरही कमी रंगाचा नाही. फक्त नागपूरकर कोण आहे ते आधी सांगा, मला त्याच्याशी बोलायचंय.

बाराबंदी

म्हणजे आता मराठ्यांना लुटारू ठरवायचा कार्यक्रम का? यासाठी मराठी संस्थळावर यायचं?

हावडाकरीण

ठरवायचं काही नाही हो. तुमचा कारभारी हिशेबात चौथाई लिहील, माझा फौजदार मुर्शिदाबादला लूट झाली म्हणून कळवील. दोन्ही कागद खेळात राहतील. मला तुमच्या तोंडून कबुली नको आहे, मला १२ लाखांचे ९ करून हवेत.

सावजी_नागपूर

ताई, नागपूर मी घेतलंय. ९ वर बात बनणार नाही, पण बोलू. व्यनि टाकला.

फडणीस (मोड)

बाराबंदी, हावडाकरीण, सूर चांगला आहे, तसाच राहू द्या. मधले दोन प्रतिसाद उडवलेत. पानिपतावरून कोण किती मोठा देशभक्त हे ठरवायला दुसरे धागे आहेत आणि तिथे पॉपकॉर्नही मिळतं.

तिसवाडी

गोवा घ्यायला मी तयार आहे, पण पहिल्या दौरातल्यासारखा नाही. तेव्हा पोर्तुगीज म्हणजे दर टर्नला एकदा देऊळ पाडणारा आणि मिशा पिळणारा खलनायक होता. इन्क्विझिशन १५६० पासून आहे, १७५० मध्येही चालू आहे, ते लपवायचं कारण नाही. पण तेवढाच गोवा नव्हता. १७३९ ला वसई गेल्यापासून हे राज्य घाबरलेलं आहे. हातात तिसवाडी, बार्देस, सासष्टी. पलीकडे सावंतवाडीकर भोसले, सोंध्याचा राजा. व्हाइसरॉयने १७४६ ला हळर्णचा किल्ला घेतला, त्यावरच त्याचा मानमरातब. जुनं गोवें शहर रोगराईने ओस पडत चाललंय. आणि खाली गावागावांत गावकरी, त्यांची जमीन सामाईक, त्यांचे हिशेब वेगळे, आणि त्यांत नवख्रिस्ती झालेले बामण-चारडीही आहेत ज्यांना लिस्बनमधून आलेला गोरा वर येऊ देत नाही. मला एकाच राज्यात व्हाइसरॉय आणि गावकरी अशी दोन माणसं हवी आहेत. गावकऱ्यांच्या बाजूने खेळायला माझी बहीण येईल. तिची पत्रं ती कोंकणीत लिहिणार, चालेल ना?

आणि एक सूचना. तीन तालुक्यांचं राज्य घेऊन जमिनीच्या नकाशावर काय करणार? समुद्राचा नकाशा वेगळा करा. किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा परवाना, आंग्र्यांचं दस्तक, मुंबईकर इंग्रजांचा पास, असे सगळे आपापले कागद विकत. एकाचा कागद असलेलं गलबत दुसरा पकडणार. सुरतेहून मलबारला जाणाऱ्या व्यापाऱ्याने कोणाचा कागद घ्यायचा, यावर प्रत्येक टर्नला सगळ्यांची उलाढाल ठरू दे. कुलाब्याला मानाजी, विजयदुर्गला तुळाजी, म्हणजे आंग्रेच दोन, त्यांचं आपसात पटत नाही. जंजिरा. मुंबई. सावंतवाडी. गोवा. एवढ्याशा किनाऱ्यात सहा खेळाडू, आणि एकालाही कंटाळा येणार नाही.

शिलेदार_न्यूजर्सी

हे फार आवडलं. खेळाडूंची वाटणी चौरस मैलांवर नको, शेजारावर हवी. माळव्यात एकटा बसलेला माणूस महिनाभरात झोपी जातो, चौल ते गोव्यात सहा जण एकमेकांचे गळे धरतील.

दर्यावर्दी

जंजिऱ्यापुढे 'कोणीच नाही मिळालं तर' लिहिणारा मीच. शब्द मागे. जंजिरा पक्का. सिद्द्याकडे मुलालाच गादी मिळते असं नाही, सरदारांतला कर्ता माणूस पुढे येतो, त्यामुळे घरातच राजकारण आहे. मुळं आफ्रिकेतली, नोकरी मोगल आरमाराची, सुरतेचा पैसा, हजच्या जहाजांना सोबत, आणि रयत आपल्याच कोकणातली. १७३६ ला चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला मारलं त्याचं उट्टं काढायचंय. फक्त एक विनंती, कोणी मला 'काळा चाचा' वगैरे लिहू नये. पहिल्या दौरात ते झालं होतं आणि तो मुलगा सोडून गेला.

फडणीस (मोड)

नोंदवलं. शेवटच्या मुद्द्यावर चर्चा नाही, तसं लिहिणाऱ्याचा आयडी जाईल.

तंजावूर_मराठी

वणक्कम, नमस्कार. मी इथे फार लिहीत नाही. आमच्या घरात अजून मराठी बोलतात, तुम्हाला ती जुनी आणि तिरकी वाटेल. तंजावरचे प्रतापसिंह महाराज मला हवेत.

ते तुमच्या मराठा गटात मोजू नका म्हणजे झालं. व्यंकोजी राजांपासून वेगळी गादी. दरबारात मराठी, तेलुगू, तमिळ, संस्कृत. नाटक तेलुगूत, हिशेब मोडीत, रयत तमिळ, देवळातला दीक्षित वेगळा. युरोपा युनिव्हर्सलिस चार या संगणकावरच्या खेळात एका प्रांताला एकच संस्कृती आणि एकच धर्म असतो. तिथे तंजावरवर एक शिक्का बसला की आम्ही संपलो. व्हिक्टोरिया तीनमध्ये निदान लोकसंख्येचे गट असतात, एकाच जागी चार भाषांचे लोक राहू शकतात. आपण मजकुराने खेळतो, आपल्याला तर कसलीच मर्यादा नाही, मग प्रत्येक राज्याच्या पानावर 'संस्कृती:' असा एकच रकाना का?

१७४९ ला इंग्रजांनी आमच्याकडून देवीकोट्टै घेतलं. अर्काटचा नवाब खंडणी मागतो. पुण्याचे भाऊबंद आठवण आली की फौज घेऊन येतात, तेही खंडणीलाच. तीन बाजूंनी मागणारे आणि कावेरीकाठचा भात. खेळायला छान आहे.

मोडीवाचक

तंजावरकर, सुस्वागतम. तुमच्या सरस्वती महालातली मोडी कागदपत्रं बघायला एकदा यायचंय. संस्कृतीच्या रकान्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो रकाना काढून तिथे तीन प्रश्न ठेवा: दरबारचा कागद कोणत्या भाषेत निघतो, फौजेत कोण आहे, आणि सारा कोण भरतं. तिन्हींची उत्तरं एकच येणारं राज्य १७५० मध्ये मला तरी आठवत नाही. पेशव्यांचंसुद्धा नाही. गारदी कोण होते?

सावजी_नागपूर

ज्यांना राज्यच नको त्यांचं काय? नवीन पोरं येतात, त्यांना एकदम गादी दिली की घाबरून पळतात. बिनमुलुखाच्या भूमिका ठेवा ना. बंजाऱ्यांचा नाईक घ्या. हजारो बैलांचे तांडे, फौजेला धान्य तेच पुरवतात, अन् दोन्ही बाजूंच्या फौजेला. ज्याच्या छावणीकडे तांडा वळला नाही त्याची मोहीम गारद. गोसावी घ्या, सावकारी पण करतात अन् हत्यार पण धरतात. जगतशेठ एखाद्या कॉमर्सवाल्या पोराला द्या. असा खेळाडू कोणाच्याच गटात नसतो अन् सगळ्यांना त्याच्याशी बोलावं लागते. कोट्याबिट्याचं गणित तिथेच ढिलं होते.

अन् माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. नागपूर वसवलं गोंड राजा बख्तबुलंद शाहाने. रघूजी भोसल्यांनी देवगड घेतलं तरी गोंड राजाले नागपुरातच ठेवलं, मान दिला, पेन्शन दिली. चांद्याचं गोंड राज्य १७५० ले शेवटच्या घटका मोजते आहे. ते जर कोणी खेळलं तर मी भोसला म्हणून त्याले गिळाले जाणार, इतिहासात तेच झालं. पण आमच्या शाळेत गडचिरोलीची एक मॅडम आहे, स्वतः गोंड, तिला विचारलं तर ती म्हणे 'हरणारं राज्यच का देता हो आम्हाला दरवेळी?' याचं उत्तर माझ्याकडं नाही. मोडने विचार करावा.

रात्रपाळी

जिंकणं म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं ठेवलं तर? चांद्याने १७६० पर्यंत किल्ला आणि जंगलावरचा हक्क टिकवला तर तो जिंकला, मग वर कोणाचाही झेंडा असो. बंजारा नाईकाचा तांडा शाबूत राहिला तर तो जिंकला. पेशव्यांना मात्र कर्ज फेडल्याशिवाय विजय नाही.

बाराबंदी

माझ्या कर्जावर सगळ्यांचा डोळा दिसतोय.

बरं, एक प्रामाणिक शंका. मराठा गट फोडून पेशवे, सातारा, नागपूर, बडोदे, शिंदे, होळकर, कोल्हापूर अशा गाद्या केल्या तरी आम्ही सात जण आतून एक होऊन नकाशा खाऊ शकतोच की. पहिल्या दौरात तेच केलं. ग्रुप होता आमचा वेगळा.

फडणीस (मोड)

ठाऊक होतं मला त्या ग्रुपचं.

त्यावर उपाय इतिहासातच पडलेला आहे. १७५० च्या नोव्हेंबरात ताराबाईंनी छत्रपती रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. १७५१ ला दमाजी गायकवाड ताराबाईंच्या बोलावण्यावरून पेशव्यांवर चालून आला. पकडला गेला आणि शेवटी निम्मा गुजरात देऊन सुटला. तिकडे जयपूरच्या गादीवर होळकरांनी माधोसिंहाची बाजू धरली. गादीवरच्या ईश्वरीसिंहाने डिसेंबर १७५० मध्ये जीव दिला आणि पुढच्याच महिन्यात शहरात मराठ्यांची कत्तल झाली. म्हणजे सात जण एक नव्हतेच. प्रत्येक गादीला मी एक गुप्त उद्दिष्ट देणार आणि त्यातलं किमान एक दुसऱ्या मराठा गादीच्या मुळावर असेल. बडोदेकराला काय दिलंय ते पुणेकराला कळणार नाही. तुमच्या ग्रुपात मग खुशाल गप्पा मारा.

आता पुढचं. कोटा मागे घेतो. चौथाईचा नियम मोडीवाचक काकांनी लिहून द्यावा, रविवारपर्यंत जमलं तर बरं. समुद्राचा नकाशा तिसवाडी आणि दर्यावर्दी मिळून आखतील. निजामासाठी दोन माणसं हवीतच, चौथाईचा नियम वाचून कोणी येतं का बघू. प्रत्येक नव्या क्लेमला (राज्यावरच्या दाव्याला) किमान दोन जिवंत शेजारी असले पाहिजेत, नसतील तर तो भाग नकाशावरून वगळला. शिलेदार, तुमचे अहोम त्यात गेले, क्षमस्व. बिनमुलुखाच्या भूमिका नक्की, किती ते ठरवायचंय. चांद्याच्या मॅडमना इकडे घेऊन या, नियम त्यांच्याशी बोलूनच लिहू. लागोपाठ दोन टर्न न आलेल्याची गादी त्याच्या दिवाणाकडे जाईल, म्हणून प्रत्येकाने दिवाण आधीच नेमा.

भाषेचं: खेळ मराठीत. मायना आणि शेवट ज्याला हवा त्या भाषेत, कोंकणी चालेल, दख्खनी चालेल, तंजावरी तर हवीच. फक्त मधला मजकूर सगळ्यांना कळला पाहिजे.

आंबोळी

टर्न रविवारी रात्री दहाला बंद करू नका. न्यूजर्सीत दुपार असते, इथे आमच्याकडे पोरांची शाळेची तयारी.

फडणीस (मोड)

सोमवारी रात्री अकरा, आपल्या वेळेने.

गोदाकाठ

नमस्कार, मी वाचनमात्र होतो. पैठणचा. औरंगाबादची गोष्ट वाचून थांबवेना. नासिरजंग मी घेतो. इतिहासात तो वर्षाअखेर मारला जातो हे माहीत आहे. तेवढं सोडून बाकी सगळं करून बघायचंय. मुजफ्फरजंग माझ्या ओळखीतल्या कोणाला देऊ नका, नाहीतर भांडण खोटं वाटेल.

बाराबंदी

पेशवे मीच ना मग? क्लेम कायम?

फडणीस (मोड)

कायम. आजच्या तारखेला तुमच्याकडे सगळ्यात जास्त फौज आणि सगळ्यात जास्त घेणेकरी आहेत. गोदाकाठ, नोंदवलं. आता राहिले मुजफ्फरजंग, अवध, म्हैसूर आणि अब्दाली. पहिल्या तिघांसाठी विचारणा झाली आहे. अब्दाली अजूनही कोणाला नको?

मोडीवाचक

अब्दाली मी घेतो. अट एकच. १७६१ ला पानिपतावर मी यायलाच हवं, असं कोणी गृहीत धरायचं नाही. १७५० मध्ये माझं लक्ष हेरात आणि मशहदवर आहे. तिकडे जमलं तर हिंदुस्थानात येणारही नाही. आणि आलो तर का आलो, हे मी फारसी मायन्याच्या पत्रात आधी रोहिल्या नजीबखानाला कळवीन, तुम्हाला नाही.

फडणीस (मोड)

मान्य. राजधानी कंदाहार, दिवाण नेमा. पण काका, मग चौथाईचा नियम तुम्ही लिहू नका, तुमचा त्यात हितसंबंध आला. रात्रपाळी, तुम्ही लिहिणार का?